बिडु आणि भिडू

आमच्या गुलबर्ग्याच्या मुलींच्या कॉलेजात व्हॉलीबॉल मी आणला. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगणारे पुष्कळ निघाले. मी राजूबाई, ठाणाकुशनूरची. हैद्राबादेत कसरतीचा कोर्स करताना हा खेळ पहिल्यांदा पाहिला आणि पाहताक्षणी ओळखलं, की हे आपलं काम. कॉलेजनं मला घेतलं ते मात्र शिवण शिकवायला. खेळ शिकवणारी बाई असू शकते, हे कमिटीच्या डोक्यातच नव्हतं. मी शिवणाच्या तासाला मुलींकडून आधी जाळी विणून घेतली, आणि झंपर, परकर सगळं राहू देऊन ती मागच्या अंगणात दोन बांबूंना बांधली.

कॉलेजचे सेक्रेटरी बसवंतप्पा हे कापडाचे व्यापारी. माणूस मनाचा चांगला, पण जीव घाबरट. लोक काय म्हणतील याची त्यांना इतकी धास्ती, की लोकांनी तोंड उघडायच्या आत ते स्वतःच बोलून मोकळे होत. हैद्राबादच्या एका कॉलेजच्या मुली बीदरला सामना खेळायला येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"राजूबाई, खेळू द्या तुमच्या पोरी त्यांच्यासंगं. जिंकल्या तर खेळ ऱ्हाईल. हरल्या तर कमिटीचं म्हणनं असं हाय की जाळी गुंडाळायची. मग तुमी शिवण शिकवा, निवांत."

"चालंल," मी म्हणाले.

"इचार करून सांगा की!"

"केला इचार, अप्पा. आमी जिंकायलाव."

बाहेर आल्यावर मात्र पावलं आपोआप मागच्या अंगणाकडं वळली, खोटं कशाला बोलू. सुईदोऱ्याचं मला वावडं नाही. पण रोज संध्याकाळी त्या अंगणात उभं राहून "गुडघे वाकवा गं" असं ओरडायला मिळणार नाही, हा विचारच सहन होत नव्हता.

माझ्या संघात मराठी मुली होत्या, कानडी होत्या, एक तेलुगू होती, एक उर्दूवाली. राज्य हैद्राबादचं, म्हणून वर्गात उर्दू, बाजारात दखनी म्हणजे इकडची बोलण्यातली उर्दू, आणि आपसात आपापली बोली. त्यातल्या दोघींवर सगळा डाव. चंद्रभागा चिंताकीची, ग्यानबा पाटलांची लेक. उंच, ताकदीची, आणि उडी अशी की साडीचा काष्टा सावरेपर्यंत ती खाली आलेलीही असे. गौरम्मा गुलबर्ग्यातल्याच एका लिंगायत घरची. बुटकी, मागच्या ओळीत उभी राहणारी, पण चेंडू कुठं पडणार हे तिला इतरांच्या आधी दिसायचं. या दोघी एकत्र आल्या तर आम्हाला कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. पण त्या एकत्र येईनात.

व्हायचं असं, की पलीकडून चेंडू जोरात यायचा. तो रेषेबाहेर पडणार हे गौरम्माला कळायचं. ती ओरडायची, आणि नेमकी त्याच क्षणी चंद्रभागा उडी मारून त्याला हात लावायची. हात लागला की चेंडू आपला झाला, आणि बाहेर गेला की पॉइंट त्यांचा. एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजच व्हायला लागलं. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

"अक्का, ही मुद्दाम करते," गौरम्मा रडकुंडीला येऊन मला म्हणाली. "मी सोड म्हणते, ही धरते."

"कधी म्हणलीस गं सोड?" चंद्रभागा तिच्या अंगावर गेली. "बाई, हीच मला हाका मारायलीय, आन् मी गेले की तोंड वाकडं करायलीय!"

बसवंतप्पांच्या कानावर हे गेलंच. "मी म्हणलो न्हाई का? एका बोलीच्या पोरी घ्या. एकीला काढा." मी म्हटलं, काढायची तर मला काढा. दुसऱ्या दिवशी चेंडू बाजूला ठेवला आणि दोघींना समोरासमोर उभं केलं.

"गौरम्मा, तू काय ओरडतीस? तसंच ओरड."

"बिडु!"

"चंद्रभागा, तुला काय ऐकू आलं?"

"भिडू!"

मी कपाळावर हात मारला आणि मग मटकन खाली बसून हसायला लागले. कानडीत बिडु म्हणजे सोड. मराठीत भिडू म्हणजे खेळातला आपला जोडीदार. गौरम्मा जीव तोडून सांगायची, सोड गं सोड. चिंताकीच्या पोरीला वाटायचं, गडीण आपल्याला हाक मारतेय, मदतीला बोलावतेय, आणि ती इमानदारीनं धावून जायची. मला लहानपणापासून दोन्ही बोल्या येतात. म्हणूनच इतके दिवस ऐकून मला काही खटकलं नव्हतं. ज्याला एकच येते त्याचीच इथं फसगत होणार.

"म्हंजे तू मला गडीण समजायलीस व्हय?" गौरम्मानं विचारलं.

"मग काय वैरीण समजू?" चंद्रभागा अजून रागातच होती, पण आवाज उतरला होता.

तोडगा मी लगेच काढला. सोड कुठल्या बोलीत म्हणायचं यावरून मुली भांडायला लागण्याआधी मी जाहीर केलं, की यापुढं दखनी. चेंडू आपला तर "हौ", सोडायचा तर "नक्को". भाजीवाल्यापासून मोटारवाल्यापर्यंत सगळ्यांना कळणारे दोन शब्द. तेलुगू मुलगीही खूश, उर्दूवालीही खूश. आठवडाभरात खेळ असा जमला की मी रात्री पडल्या पडल्या स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते.

बीदरला आम्ही हुमनाबादवरून मोटारीनं गेलो. सामन्याचं मैदान लाल मातीचं, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा, आणि चारी बाजूंनी उंच कनात. आत फक्त बायका. बघायला बीदरच्या बायका लोटल्या होत्या, लेकरं कडेवर घेऊन, डोक्यावरचे पदर सावरत. पंच म्हणून हैद्राबादच्या एक पारशी बाई शिट्टी घेऊन उभ्या होत्या. बसवंतप्पांना आत यायची सोय नव्हती. ते कनातीबाहेर खुर्ची टाकून कान देऊन बसले.

पहिला डाव सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, की शहाणपणा माझ्याच अंगाशी आला. हैद्राबादच्या मुली आपसात काय बोलणार? दखनीच की! जाळीपलीकडून त्यांची कुणीतरी "नक्को!" म्हणायची आणि इकडे आमच्या पोरी हात खाली सोडून द्यायच्या. त्यांनी "हौ" म्हटलं की आमच्या दोघी एकदम धावायच्या. चेंडू मध्ये धपकन पडायचा, बायका खो खो हसायच्या. त्यांच्या कॅप्टनला हे चटकन उमगलं. मग ती मुद्दामच गळा काढून "नक्को नक्को" करायला लागली. हुशार पोरगी. मला ती आवडलीच, पण त्या घटकेला तिचं तोंड शिवून टाकावंसं वाटलं. पहिला डाव आम्ही हरलो.

दुसरा कसाबसा जिंकलो, केवळ चंद्रभागेच्या उड्यांवर. तिसऱ्याच्या आधी मुली पाणी प्यायला माझ्याभोवती गोळा झाल्या. मी नवीन शब्द शोधत होते. काय द्यावं यांना? ऐनवेळी दिलेला शब्द जिभेवर बसत नाही.

"बाई," चंद्रभागा म्हणाली, "गौरीला तिचं तिचं ओरडू द्या. बिडु म्हणू द्या. पलीकडच्यांना कळत न्हाई ते."

"आन् तुला कळंल?" मी विचारलं. "उडीत असताना? तुझ्या कानाला सवय भिडूची हाय."

"कळंल. आता मी तिचा आवाज ओळखायलेय."

मी गौरम्माकडं पाहिलं. ती म्हणाली, "ती सोडंल, अक्का." बस, एवढंच. मला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. म्हटलं, जा, तुमच्या मनानं खेळा.

तिसरा डाव शेवटाला आला. आम्ही एका पॉइंटनं पुढं, आणखी एक मिळाला की सामना आमचा. सर्व्हिसही आमची. नाही मिळाला तर सर्व्हिस त्यांच्या हाती, आणि त्यांची ती कॅप्टन सर्व्हिसला येणार. ती एकदा सुरू झाली की थांबत नसे. चेंडू गेला, आला, पुन्हा गेला. मग त्यांच्या एका धिप्पाड मुलीनं सगळं बळ एकवटून तो आमच्या अंगावर मारला. चेंडू सरळ चंद्रभागेच्या डोक्यावरून. तिच्यासाठी असा चेंडू म्हणजे हातचा मळ. ती वाकली, उडी घ्यायला पायांत बळ आणलं, हात वर गेले. मला ओरडायची बंदी होती, मी पदर तोंडात धरला होता.

"बिडु!" गौरम्मा मागून ओरडली.

चंद्रभागेनं हात खाली घेतले.

पलीकडून "हौ हौ!" चा कल्ला सुरूच होता. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मैदानभर बायकांनी श्वास रोखला. मला तर वाटलं, चेंडू वरच राहतोय की काय. मग तो चुन्याच्या रेषेपलीकडं, जेमतेम टीचभर पलीकडं, लाल मातीत आपटला. पारशी बाईंनी हात आमच्या बाजूला केला आणि शिट्टी मारली. माझ्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यात मी पुष्कळ उड्या शिकवल्या, पण त्या पोरीनं न मारलेल्या उडीइतका आनंद मला कशानंच दिला नाही.

बायका पांगल्यावर मी कनातीबाहेर आले. बसवंतप्पा खुर्चीतून उठून उभे होते, चेहरा सुतकी. चेंडू आणि जाळी घेऊन जायला त्यांनी एका गाडीवानाला आधीच बोलावून ठेवलं होतं. बीदरच्याच एका मुलांच्या शाळेला देऊन टाकायचा बेत दिसत होता.

"असू द्या, राजूबाई," ते म्हणाले. "मी ऐकलो सगळं. 'बिडु' म्हणली पोरगी आन् मग चिडीचूप. जीव तरी किती लावावा? सोडूनच दिलं शेवटी. शिवण काय वाईट हाय का?"

मी त्यांना पुरतं बोलू दिलं. गोड वाटत होतं ऐकायला.

"अप्पा, आपण जिंकलाव."

"आँ? सोडून?"

"व्हय. सोडून."

"सोडून कसं काय जिंकतो मानूस?"

"या आत. आता बायका गेल्यात. दावते."

ते जोडे बाहेर काढून आत आले, देवळात यावं तसे. मी त्यांना रेषेच्या आत उभं केलं, पलीकडं जाऊन चेंडू उंच फेकला, चांगला त्यांच्या डोक्यावरून, रेषेबाहेर. "सोडा, अप्पा!" मी ओरडले. बसवंतप्पांनी धोतर सावरत दोन्ही हात वर केले, मागं मागं धावले, आणि चेंडूला बोटं लावून धपकन मातीत बसले. चंद्रभागा आणि गौरम्मा कनातीला धरून हसत होत्या.

"सोडा म्हणलं होतं मी," मी म्हणाले.

"ऐकू आलं की. पर हात न्हाई ऐकले, बाई. वरून येताना दिसला की हात जातातच."

"तेवढंच शिकवायला माझं आख्खं वर्ष गेलं."

ते मातीत बसूनच अंग झटकायला लागले. धोतर तांबडं झालं होतं. मग त्यांनी बाहेर उभ्या गाडीवानाला हाक मारून सांगितलं, की तुझी गरज नाही, जा तू. आणि चेंडू उचलून माझ्याकडं टाकत म्हणाले, "आनखी एकदा टाका बघू."