जाकिटाची काजं

शेवटचं बटण अडलं. काजबाईंनी नखाने ते काजातून ओढून घेतलं आणि जाकीट खाली खेचून सारखं केलं.

"झालं. निघाले नवरदेव."

"निघाले, दूध आणायला," घड्याळजी म्हणाले आणि डाव्या हाताने उजवा उचलून खिशात ठेवला.

अर्धांगवायूत तो हात गेला होता. जन्मभर घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या माणसाला आता साधं बटण लावता येत नव्हतं. गळ्यातून घालायचे कपडे पोरांचे, असं त्यांचं म्हणणं, म्हणून हातमागाच्या जाकिटाचा हट्ट काही सुटत नव्हता. मग रोज सकाळी ते जिना उतरून खाली काजबाईंच्या दारात उभे राहत.

आत काजबाई शिंप्यांच्या कपड्यांना हाताने काजं करत. नाव त्यावरूनच पडलेलं. शिंप्याचा माणूस पिशवी उंबऱ्यात टेकवून चालू लागे. घड्याळजी गेले की दुसऱ्या सकाळपर्यंत काजबाईंशी बोलायला कुणी नसे.

त्या दुपारी घड्याळजींची सासरी राहणारी मुलगी जाकीट घेऊन आली.

"मावशी, याची काजं जरा मोठी करून द्या ना. बाबांना एका हाताने लावता येतील. रोज तुम्हाला त्रास, त्यांना अवघडल्यासारखं होतं."

"असं म्हणाले ते?"

"म्हणायला कशाला हवं? कळतं ना मला."

"त्रास कसला त्यात," काजबाई म्हणाल्या, पण जाकीट त्यांनी घेतलं होतं.

मुलगी गेल्यावर त्यांनी कापड उजेडात धरलं. वीण सैल, कात्री लागायचा अवकाश की धागे सुटलेच. अशा कापडाला आधी टाके घालायचे, चीर मागाहून. आधीच चीर दिली तर आठवड्यात काज फाटणार. कापडच तसलं, असं सगळे म्हणाले असते, आणि घड्याळजी पुन्हा दारात आले असते.

काजबाईंनी कात्री उचलली. बराच वेळ ती नुसती हातात धरून त्या बसल्या. मग खाली ठेवली, सुई ओवली, दोऱ्याला मेण लावलं. मागून पातळ पट्टी, भोवती बारीक धावदोरा, मग चीर, मग एकाला एक खेटून काजाचे टाके. संध्याकाळी त्यांनी ते जाकीट स्वतः चढवलं, उजवा हात पाठीशी धरला आणि डाव्याने बटणं लावून पाहिली. अलगद लागली. त्यांना रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. रात्री मुलगी येऊन जाकीट वर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रोजची वेळ टळून गेली तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही. काजबाईंनी उघडं ठेवलेलं दार लोटून घेतलं आणि शिंप्याची पिशवी पुढ्यात ओढली.

"काजबाई, आहात ना घरात?"

दारात घड्याळजी उभे होते. जाकिटाची बटणं लावलेली, पण सगळी एकेका काजाने चुकलेली. गळ्याशी एक काज रिकामं, खाली एक बटण मोकळं. मधलं एकही मात्र सुटलेलं नव्हतं, प्रत्येक एका हाताने नीट काजात बसवलेलं.

"काही जमत नाही बुवा," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

काजबाईंनी वरून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"नाहीच जमलेलं. या पुढे."

त्यांनी वरचं बटण सोडायला घेतलं. आधी सगळी सोडायची, मग पुन्हा लावायची, म्हणजे आज रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागणार होता.