सेकाया मोमोचा डबा

एक्केचाळिसाव्या दिवशी तो उगवला. मोहरीएवढा केशरी ठिपका, आणि त्याच्या कडेला कसलातरी पांढरा, लिबलिबीत डाग. समुद्रातल्या स्पंजाचे जिवाणू डिशमध्ये वाढवायला बसलं की बहुतेक वेळा काहीच उगवत नाही, आणि उगवलीच तर बुरशी. त्यामुळे तो ठिपका बघून मी चक्क नाचले. खरा आनंद तर पुढेच होता. सुवा शहरातल्या इस्पितळात साखरेच्या पेशंटांचे पाय सडवणारा जो जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाही, तो या ठिपक्याच्या आसपासही वाढेना. तीन वर्षांचा माझा प्रबंध त्या दिवसापासून या एका ठिपक्यावर उभा राहिला.

शिकवल्याप्रमाणे मी त्याला पांढऱ्या घाणीपासून सोडवलं आणि नव्या, स्वच्छ डिशमध्ये लावलं. सहा आठवडे गेले, काही नाही. पुन्हा लावलं, पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेलाही तेच. तोवर मूळ डिश वाळून तडकायला लागली होती. वैतागून मी ती कचऱ्याच्या लाल पिशवीत फेकली. नवा स्पंज आणावा, तर तो मिळतो त्या वाईदामू गावाचे प्रमुख नुकतेच वारले होते, आणि रीतीप्रमाणे गावाचा समुद्रातला खडक शंभर रात्री बंद झाला होता. त्या पाण्यात कुणी गळही टाकणार नव्हतं, आणि माझी प्रबंधाची तारीख तो खुला होण्याआधी येत होती.

माझा स्वभाव मुळातच संशयी. एकदा उगवलेली गोष्ट तीनदा मरते म्हणजे कुणीतरी मारतंय, असं मी ठरवून टाकलं. डिशवर खुणा केल्या. इनक्युबेटरच्या दाराला घरी जाताना चिकटपट्टी लावायला लागले. आधी सफाईवाली बाई, मग शेजारच्या खोलीतले विद्यार्थी, एक दिवस तर छतावरचा पंखासुद्धा मला लबाड वाटला.

"मिलियाना," मुदलियार मॅडम म्हणाल्या, "जिवाणूंना शत्रू नसतात गं." त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. नियम म्हणजे नियम, असा त्यांचा खाक्या.

"माझ्या जिवाणूंना आहेत, मॅडम."

शेवटी संशय सेकाया मोमोवर येऊन ठेपला. मोमो म्हणजे मामा. सख्खा नव्हे, आईच्या कुळातला, वाईदामूचाच. बोटीतून बुडी मारून स्पंज काढणारा तोच, लॅबमध्ये समुद्राचं पाणी आणि आगर, म्हणजे शेवाळाची जेली, शिजवून डिश ओतणारा तोच, आणि वापरलेल्या डिश ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या कपाटाएवढ्या वाफेच्या कुकरमध्ये, टाकणाराही तोच. माझ्या डिशमध्ये काही कालवायचं तर त्याच्याइतकी सोय कुणाला होती?

एका दुपारी मी त्याला लाल पिशवीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपताना पकडलं.

"मोमो, कचऱ्यात काय शोधतोस? जेवलास ना?"

"कसावा खाऊन झाला, भाची. आता गोड काय मिळतंय बघतोय." तो हसला, पण हात पटकन बाहेर काढला.

"त्या माझ्या डिश आहेत."

"फेकल्यास ना तू? फेकलेल्या डिशला मालकीण नसते."

"मग त्या कुकरमध्ये जायला हव्यात."

"जातील, जातील. किती गं तुला घाई! तुझी आई अशीच. भात शिजायच्या आत चारदा झाकण काढायची."

मी हसले नाही. त्या आठवड्यात कोठीघरात, सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या बाटल्यांच्या मागे मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिसला. भोवती गच्च चिकटपट्टी. हात लावणार तोच मागून त्याचा आवाज आला, "राहू दे ते. घाण आहे. तुझ्या कामाची नाही." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि तो चोरून काहीतरी करतोय याची माझी खात्रीच पटली. खडक बंद व्हायच्या आधी सिडनीच्या औषध कंपनीच्या माणसांना यानेच बोटीतून फिरवलं होतं. आता याच्या हातात नवा फोन होता. बेरीज करायला मला वेळ लागला नाही. माझा ठिपका माझ्याकडे मारायचा, स्वतः डब्यात जगवायचा, आणि विकायचा!

त्याला समोर बसवून विचारावं, असं एकदाही मनात आलं नाही. आलं असेल तर मी ते दाबलं. मामाला चोर म्हणायची लाज वाटत होती, आणि मॅडमना सांगायला मात्र वाटली नाही.

शनिवारी तो दुखवट्याच्या यांगोनाला, म्हणजे मुळीचं पेय प्यायच्या बैठकीला, गावी गेला. सोमवारी सकाळी तो यायच्या आत मी मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिले. कचरा लपवलाय, नियम मोडलाय, मला भीती वाटते, असं सगळं बोलले. विकण्याचं मात्र बोलले नाही, पुरावा नव्हता.

मॅडम स्वतः कोठीत आल्या. "फेकलेल्या डिश पुन्हा उघडायच्या नाहीत. डब्यासकट कुकरमध्ये जाऊ दे."

डबा मीच आत ठेवला. दार मीच आवळलं. बटण मीच दाबलं. मला खूप बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

दाबाचा काटा चढून वर स्थिरावला होता तेव्हा सेकाया मोमो आला. गावाहून थेट आला असावा, दुखवट्यात कमरेला गुंडाळतात ती चटई अजून तशीच होती. हातात एक वही.

"भाची! बस, बस आधी. शुक्रवारी बघितलं, चार डिशमध्ये आलाय तुझा केशरी. आधी सांगितलं नाही, म्हटलं पुन्हा मेला तर पोरगी रडेल. अगं, तो एकटा जगतच नाही. तू पांढऱ्याला घाण म्हणून हाकललंस ना? त्या पांढऱ्याच्या जिवावर खातो तो. दीड महिन्यापूर्वी तू फेकलेल्या डिशमधून दोघांना एकत्र लावलं, समुद्राचं पाणी न गाळता. नियमात बसत नाही, म्हणून लपवलं. हे बघ, रोजचं लिहून ठेवलंय."

मी उठून लाल बटणावर हात मारला. आचके देत यंत्र थांबलं, पण दाब उतरल्याशिवाय दार उघडत नाही. मी तरी हँडल ओढत राहिले. हात भाजला.

"काय आहे आत?" त्याने विचारलं. मग कोठीतल्या वरच्या फळीकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

आम्ही दोघं त्या दारासमोर उभे राहिलो. काटा उतरायला पाव तास लागला. डबा काढला, पट्टी सोलली. प्लास्टिक वितळून सगळ्या डिशचा एक गोळा झाला होता, आणि आगर उकळून पत्र्याला चिकटलं होतं.

मॅडम दारात आल्या होत्या. "आत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी सांगितलं टाकायला?" मोमोने विचारलं. तो मॅडमकडे बघत होता. मी गप्प राहिले असते, तर त्याने आयुष्यभर त्यांनाच दोष दिला असता.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मला वाटलं, तू चोरतोयस."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने वही टेबलावर माझ्या बाजूला सरकवली आणि माझा भाजलेला हात धरून नळाखाली नेला.

"तू माझ्या बहिणीची पोर," तो म्हणाला. "माझ्या घरातलं काहीही न विचारता उचलून न्यायचा हक्क आहे तुला. तो डबा नेला असतास, तरी मला चाललं असतं. निदान उघडून तरी बघायचंस, भाची."