खळ वाळेपर्यंत

मित्रांनो, मी एका बाइंडरच्या दुकानातला, पुस्तके दाबायचा जुना शिकंजा आहे. दोन जाड फळ्या, मधोमध लोखंडी स्क्रू आणि तो फिरवायचा दांडा, एवढाच माझा देह. मला घडवण्याआधी सुताराने माझे लाकूड तीन वर्षे नुसते सावलीत ठेवले होते. मला तो आळशी वाटला. आज माझ्या फळ्या तसूभरही वाकलेल्या नाहीत, तेव्हा मी ते मत मागे घेतो.

माझे काम पुस्तक घट्ट धरून ठेवण्याचे. आतली चिकटवायची खळ वाळताना मला दिसत नाही. ओल ओसरत गेलेली तेवढी जाणवते. तिला वाळवतो कोण? मी तर काहीच करत नाही. हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

धीर या विषयावरचे ग्रंथ मी पुष्कळ दाबले. चर्चच्या एका विद्वान पाळकांचा त्यावरचा प्रवचनसंग्रह माझ्यात होता, तेव्हा त्यांचा माणूस दिवसातून तीनदा 'झालं का?' म्हणून डोकावत असे. अखेर त्यांनी तो ओलाच नेला, आणि तो पुढे कधी नीट मिटला नाही. स्वतः कधी ताटकळले नाहीत, तेच इतरांना देवाच्या वेळेचा दाखला देतात. त्यांच्याविषयीचे माझे मत मी लाकडी चेहऱ्यामागे राखून ठेवले आहे.

माझा मालक मात्र ताटकळला होता, तोही स्वतःच्याच एका घाईपायी. वडिलांना माती देताना आभाळ भरून आले, म्हणून त्याने वाटेत असलेल्या थोरल्या भावाची वाट पाहिली नाही. दादा अर्ध्या तासाने पोचले, तेव्हा कबर बुजवून झाली होती. सात वर्षे दादांनी अबोला धरला. मालकाने पत्रे लिहिली, उंबरे झिजवले. रोज प्रार्थनेत तो म्हणे, "प्रभू, आजच." मग तो प्रार्थनाच करीनासा झाला.

एके सकाळी वहिनी वडिलांचे पवित्र शास्त्र घेऊन आल्या. त्याचा कणा निखळला होता. "दुपारी द्या, भाऊजी. संध्याकाळी आम्ही गाव सोडतोय, कायमचं."

मालकाने पाने शिवली, खळ लावली, पुस्तक माझ्यात ठेवले. हवा दमट होती. दुपार झाली तरी ओल हटेना. त्याने माझ्या दांड्याला हात घातला.

"काढतो, आणि स्वतः नेऊन देतो. निदान दादा दारात तरी भेटेल."

"ओलं आहे ते," मालकीणबाई म्हणाल्या. "नेऊन काय, परत एकदा घाईच दाखवणार?"

मग त्याने दांडा सोडला. "पुस्तक झालं नाही, एवढंच कळव," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी त्याचे ओठ प्रार्थनेत हलले. या वेळी त्यांत 'आजच' नव्हते.

निरोप पोचताच दादा स्वतः तणतणत आले. "अजून झालं नाही? बाबांना पुरायला तर भारी घाई होती तुला!"

"होती," मालक म्हणाला. "चुकलो, दादा. म्हणून आज थांबलोय."

दादा स्टूल ओढून बसले. त्यांना दुसरा इलाजही नव्हता. मालकीणबाईंनी चहा ठेवला, तो निवला. मी कान देऊन होतो.

"माझी आठवण काढली होती का त्यांनी?" दादांनी विचारले.

"शेवटपर्यंत. म्हणाले, त्याला रागावू नका, तो येतोच आहे."

दादांनी चेहरा ओंजळीत झाकला. सात वर्षे उत्तर इथेच होते; विचारायला बसण्याइतका वेळ कुणाला मिळाला नव्हता. त्या दिवशी हवा दमट कुणी ठेवली, मला ठाऊक नाही. मला संशय आहे.

मित्रांनो, माझ्या स्क्रूला कधीमधी तेल द्या, आणि माझ्यात काही ठेवलेत तर सारखे उघडून पाहू नका. आत काम चालू असते.

खळ वाळली. मालकाने दांड्याला हात घातला, तेव्हा दादांनी त्यावर आपला हात ठेवला.

"राहू दे अजून थोडा वेळ. उद्याही गाडी असते."