विभावरीच्या हाताच्या मापाचे पिस्तूल

मित्रांनो, माझी ओळख ऐकून तुम्ही दोन पावले मागे सराल, हे मला ठाऊक आहे. सरा, मला राग नाही. मी एक जुने पिस्तूल आहे. सध्या डब्लिनमधल्या एका गार्डा स्टेशनच्या, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्याच्या, मागच्या खोलीत कपाटात पडून आहे. माझ्या चापाच्या कडीला नंबराची चिठ्ठी बांधली आहे. उद्या सकाळी मला मोडीत काढायला नेणार आहेत. त्याआधी माझी गोष्ट कोणाला तरी सांगावी, असे फार वाटते.

माझी भावंडे आखूड नळीची होती. कोटाच्या खिशात सहज मावतील अशी. जिथे माणसे कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला जातात, अशा देशांत ती गेली. मला आयर्लंडला पाठवायचे होते, म्हणून माझी नळी इथल्या कायद्यात बसेल एवढी लांब ठेवली. या देशात पिस्तूल जवळ बाळगून फिरता येत नाही. रस्त्यावरच्या साध्या गार्डाच्या कमरेलाही ते नसते. क्लबाच्या रेंजवर जायचे, कागदी चकतीवर नेम धरायचा आणि घरी येऊन लोखंडी पेटीत बंद व्हायचे, एवढेच आमचे आयुष्य. मला ते पसंत होते. आजवर माझ्यातून सुटलेली प्रत्येक गोळी कागदालाच लागली आहे.

माझा पहिला मालक एक शाळामास्तर होता. त्याची नजर अधू झाली तेव्हा त्याने मला दुकानात परत दिले. पुढे दोन वर्षे मी काचेच्या कपाटात राहिले. गिऱ्हाइके यायची, मला उचलायची आणि ‘फारच छोटे आहे’ म्हणून ठेवून द्यायची.

२०१९च्या शरद ऋतूत एक बाई आल्या. डॉक्टर विभावरी. मूळच्या नागपूरच्या, डब्लिनच्या टॅला भागातल्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ. मेडिकलला असताना त्या रायफल क्लबात जात आणि तिथे त्यांना पदकेही मिळाली होती. बरोबर त्यांचा नवरा प्रल्हाद होता. तो सँट्रीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करी.

दुकानदाराने आधी मोठी, चकचकीत पिस्तुले पुढे केली. विभावरी प्रत्येक पिस्तूल हातात घेई, डोळे मिटून हात लांब करी आणि मग डोळे उघडून पाही, की नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेत आपोआप आली आहे का. एकाचीही येत नव्हती. तिचा हात लहान होता आणि बोट चापापर्यंत ताणावे लागत होते. मग तिने मला उचलले. डोळे मिटले, उघडले आणि हसली.

“हेच.”

“विभा, अजून विचार कर,” प्रल्हाद म्हणाला. “नागपूरचं वेगळं होतं. इथे घरात लेक आहे आपली. पिस्तूल कशाला हवंय?”

“दिवसभर दुसऱ्यांचे श्वास मोजते रे मी. आठवड्यातून एक तास माझा श्वास मला मोजू दे.”

घरी येऊन त्याने स्वतः भिंतीत बोल्ट मारून माझी पेटी बसवली. गोळ्यांसाठी वेगळा डबा आणला, त्याला वेगळे कुलूप लावले. जानेवारीत परवाना आला आणि मी तिचे झाले.

खरे सांगायचे तर मी तिच्या हाताला अगदी नेमके बसत नव्हते. तळहात आणि माझी मूठ यांच्यात पोकळी राहायची. क्लबात डर्मट नावाचे म्हातारे गृहस्थ होते. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त सुतार, टॅलामध्येच राहणारे. त्यांनी तिचे चार नेम पाहिले आणि जवळ आले.

“डॉक, तुझा हात लहान नाही,” ते म्हणाले. “ही मूठ दुसऱ्या कोणाची आहे. चार शनिवार दे मला.”

त्यांनी तिच्या मुठीत, लाकडाच्या भेगा बुजवायला वापरतात ती, ओली लांबी दाबून तिचा ठसा घेतला. अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा निवडला. पिस्तूल घरी न्यायची परवानगी त्यांना नव्हती, म्हणून ते दर शनिवारी क्लबातच बसत आणि कानस, पॉलिश पेपर घेऊन थोडे थोडे घासत. मग तिला धरायला लावत. तिच्या करंगळीखाली जरा खोल, अंगठ्याच्या मागे जरा उंच. चापाचा दाबही जाणकाराकडून तिच्या बोटाला सोसेल इतका करून घेतला. शेवटच्या शनिवारी तिने मला धरले, तेव्हा तिची बोटे कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होते, हे मलाच कळेना.

“ग्रँड,” डर्मट म्हणाले आणि गुडघ्यावरचा भुसा झटकला. इथे ‘छान’, ‘ठीक’ म्हणायचे असले की ग्रँड म्हणतात.

तिने झाडलेल्या पाचही गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत गेल्या. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस. फेब्रुवारी २०२० संपत आला होता.

मार्चमध्ये सगळे बंद झाले. क्लबाला कुलूप लागले. विभावरी पहाटे जाई आणि संध्याकाळी येई. तोंडावर मास्कचे वळ घेऊनच ती जिना चढे. माझी पेटी तिच्या खोलीतल्या प्रेसमध्ये होती. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. तिथून मला तिची पावले ऐकू येत. उन्हाळ्यात काही आठवडे रेंज उघडली, तेव्हा डर्मट दोन मीटरवर खुर्ची टाकून बसत आणि ओरडून सांगत, “श्वास सोड, डॉक! आधी श्वास, मग बोट!” ती हसे. पुन्हा सगळे बंद झाले.

जानेवारी २०२१ फार वाईट गेला. एका संध्याकाळी ती कोट न काढताच पलंगावर बसली. प्रल्हादने विचारले, “काय झालं?”

“डर्मट आलेत. आमच्या आयसीयूत. मला त्यांच्या श्वासनळीत नळी घालावी लागली.”

“ओळखलं त्यांनी तुला? मास्कमध्ये?”

“हातावरून ओळखलं रे. मी त्यांचा हात धरला, तर ग्लोव्हमधूनच माझी बोटं चाचपली त्यांनी. म्हणाले, डॉक, तूच ना? मी म्हटलं, हो, मीच. झोपा आता, उठाल तेव्हा ग्रँड असाल.” ती वळ उठलेला चेहरा हातांनी चोळत होती. “मला दिसत होतं ना प्रल्हाद, सगळं दिसत होतं. शेवटचं वाक्य मी त्यांच्याशी खोटं बोलले.”

नवव्या दिवशी डर्मट गेले. लशीची त्यांची पाळी काही आठवड्यांवर आली होती. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. विभावरी पावसात रस्त्याकडेला उभी राहिली, शववाहिका समोरून गेली आणि ती तशीच पुढे ड्युटीवर गेली.

त्यानंतर ती बदलली. ओरडणे नाही, रडणे नाही. भाजीत मीठ जास्त झाले तरी तसे म्हणे ना. शाळा बंद होत्या, म्हणून त्यांची नऊ वर्षांची लेक ज्ञानदा घरीच लॅपटॉपवर शिके. जेवताना ती विचारी, “मॅमी, आर यू ग्रँड?” आणि विभावरी उत्तर देई, “हो गं सोन्या, ग्रँड.” पेटीच्या आतूनही मला तो शब्द पोकळ ऐकू येई. प्रल्हादला वाटे थकली आहे, सुट्टी मिळाली की बरी होईल. त्याच्याही दिवसभर मीटिंगा चालत.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका मंगळवारी दुपारी, तिने पेटी उघडली.

मला वाटले, पुसायला काढले. मी हरखून गेले. पण तिने फडके हातात घेतलेच नाही. मला मांडीवर ठेवून ती बसून राहिली. डर्मटनी कोरलेल्या खळग्यांत तिची बोटे आपोआप बसली. हात गार होता. तिची नजर गोळ्यांच्या डब्याच्या कुलपावर गेली आणि तिथेच थांबली. फार वेळ थांबली.

मित्रांनो, त्या हातासाठी मला घडवले होते. त्या हाताने मला कधीही धरावे, अशीच माझी इच्छा असायची. त्या दुपारी मात्र मला वाटत होते, मला सोड. विभावरी, मला खाली ठेव. पण लोखंडाला बोलता येत नाही.

दाराबाहेरून ज्ञानदाचा आवाज आला. “मॅमी? मला फ्रॅक्शन्स नाही जमत.”

विभावरी दचकली. “आले,” म्हणाली. मला पेटीत ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली मुठीत घट्ट धरून जिन्याच्या तोंडाशी गेली.

“प्रल्हाद, वर ये.”

“दोन मिनिटं, कॉलवर आहे.”

“आत्ता ये.”

तिच्या आवाजात काहीतरी असावे. तो धावतच आला. तिने किल्ली त्याच्या हातात दिली.

“ते पिस्तूल घरात नकोय मला. आजच घेऊन जा.”

“अगं, पण तुला इतकं आवडतं... काय झालं?”

“मला माझी भीती वाटतेय.”

एवढेच बोलली. प्रल्हाद तिच्याजवळ जमिनीवर बसला. तो रडत होता. “मला कळलं कसं नाही? एका घरात राहून?” असे पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “मीच कळू दिलं नाही.”

शेजारची बाई घरात येऊन विभावरीजवळ बसली आणि तासाभरात मी स्टेशनच्या काउंटरवर होते. तिथल्या गार्डा बाईने एकही उलटा प्रश्न विचारला नाही. मुठीवरून अंगठा फिरवून म्हणाली, “सुंदर काम आहे. दोन स्क्रू काढले की लाकूड सुटेल. हवे तर घरी न्या.”

प्रल्हादने फोन लावला. पलीकडून आलेला तिचा आवाज मलाही ऐकू आला. “नको. ते पाहिलं की मला त्यांचा हात आठवेल. सगळंच जाऊ दे.”

त्या दिवसापासून मी या कपाटात आहे. सुरुवातीला फार रडू येई. मला वाटे, माझे काय चुकले? मी कधी अडकले नाही, कधी नेम चुकवला नाही. मग हळूहळू कळत गेले. तिच्यापासून दूर, मी इथे असणे हेच तिच्यासाठी माझे शेवटचे काम होते.

ऑगस्टमध्ये विभावरी आणि प्रल्हाद मला मोडीत काढायच्या शेवटच्या कागदावर सही करायला आले. मधले दार अर्धवट उघडे होते. गार्डा बाईने विचारले, “एकदा बघायचे आहे का तुम्हाला?”

“नाही,” विभावरी म्हणाली. थोडे थांबून पुढे म्हणाली, “आता आठवड्याला तीनच दिवस कामावर जाते. गुरुवारी समुपदेशकाकडे जाते. कधी बरं असतं, कधी नसतं. नसलं की सांगते आता.”

मी किती आसुसले होते, काय सांगू. चार पावलांवर ती होती. एकदाच आत यावी, एकदाच बोट लावावे, असे मला वाटत होते. ती आली नाही आणि ते योग्यच झाले. पेनाचा कागदावर खरखर आवाज आला. मग दोघांची पावले दूर गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्या गोष्टी जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. आम्ही मोडलो तरी कारखान्यात दुसरे तयार होते. तुमच्या घरात कोणी जेवताना गप्प गप्प असेल, विचारल्यावर ‘बरा आहे’, ‘बरी आहे’ एवढेच म्हणत असेल, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा. आणि तुमचेच मन असे झाले, तर लपवू नका. जिन्याच्या तोंडाशी उभे राहा आणि घरातल्या माणसाला हाक मारा. तो कामात असेल, तर आणखी मोठ्याने मारा.

सकाळी गाडी येईल आणि मी जाईन. त्याच वेळी टॅलाच्या एका घरात विभावरी लेकीला शाळेसाठी उठवत असेल.