भिकाजी कोतवालाचा सडा

भिकाजी कोतवाल निवृत्त झाला त्याला अकरा वर्षं झाली, पण त्याची राखण काही निवृत्त झाली नव्हती. गावावरच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या पठारावरची, दोन एकर कातळजमीन सरकारची. तिथली करवंदं खायला तो कुणाला फिरकू द्यायचा नाही, आणि त्याने स्वतःही कधी एक तोंडात टाकलं नाही. हातात काठी आणि तोंडात एकच वाक्य, "सरकारची जागा हाय, निघा." गाव त्याला खडूस म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

वैशाखात जिल्ह्याहून आदेश आला. सडा ग्रामपंचायतीला, मुलांच्या मैदानासाठी. भिकाजीला दोन दिवस अन्न गोड लागेना. बायको गेल्यापासून सकाळी उठायला त्याला तेवढंच एक कारण उरलं होतं.

ताबा द्यायला मंडळ अधिकारी आले. नकाशा घेऊन चारी हद्दी फिरले आणि म्हणाले, "अतिक्रमण काहीच नाही? हे मी पहिल्यांदाच बघतोय."

सरपंच वेदिकाने कडेला उभ्या भिकाजीकडे बोट दाखवलं. लहानपणी तिनेही त्या काठीच्या धाकाने इथून धूम ठोकली होती.

"काका, गाऱ्हाणं तुम्हीच घाला," ती म्हणाली. "सांभाळलंत तुम्ही, मग द्यायलाही तुम्हीच पाहिजे."

जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, असं गाऱ्हाणं घालून सांगितल्याशिवाय इथे कुणी कुदळ उचलत नाही. भिकाजीने नारळ ठेवला, हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, इतकी वर्षं तुझी जागा जपली. आता ती पोरांच्या हवाली करतोय..." पुढे त्याला बोलवेना. तेव्हा सगळ्यांनीच "व्हय म्हाराजा" म्हणून गाऱ्हाणं पुरं केलं. ताबापावतीवर साक्षीदार म्हणून त्याचीही सही झाली.

संध्याकाळी सवयीने तो काठी घेऊन सड्यावर गेला, तर चार पोरं खेळत होती. त्याला बघताच चेंडू तिथेच टाकून ती पळाली.

"अरे थांबा, तुमचीच जागा हाय ही," तो म्हणाला. पण त्या तोंडून ते खरं कोण मानणार? पोरं हद्दीच्या दगडी गडग्याआड दबून बसली.

त्याने काठी खाली ठेवली. करवंदीच्या जाळीत हात घालून ओंजळभर पिकली करवंदं तोडली, कातळावर मांडली आणि त्यातलं एक स्वतः खाल्लं. इतक्या वर्षांत पहिलंच. चांगलं गोड होतं.

गडग्यावरून आधी एक डोकं वर आलं, मग चारही.