माझ्या शब्दावर टोचलेली लस

बत्तीस वर्षं मी आमच्या वस्तीची आरोग्यसेविका आहे. सुई टोचायचं काम नर्सबाईचं, माझं काम चालायचं आणि बोलायचं. कुणाचं बाळ किती महिन्यांचं झालं, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण लोहाच्या गोळ्या घेते म्हणून सांगते आणि मागच्या दारी कोंबड्यांना टाकते, सगळं मला तोंडपाठ. त्याबद्दल मिळालं काय, तर दर दोन वर्षांनी एक निळा टीशर्ट, एक छत्री, आणि लेकरं. लेकरं माझी नव्हेत. मला मूल झालं नाही, आणि नवरा मासळीच्या तळ्यावर खाद्य टाकता टाकता छातीत कळ येऊन गेला, त्यालाही आता बारा वर्षं झाली. पण ज्या बाईला मी कळा सुरू झाल्यावर तीनचाकीत घालून दवाखान्यात पोचवलं, ती बाळाच्या बाप्तिस्म्याला मलाच निनांग व्हायला सांगायची. निनांग म्हणजे धर्माची आई. असं बोलावणं आलं की नाही म्हणायचं नसतं, बाळाला ते बाधतं म्हणतात. आणि मी कशाला नाही म्हणेन? अशी सदतीस लेकरं झाली मला.

त्यातली पहिली लुविमिन, दोन घरं पलीकडे राहणाऱ्या डोरांगची मुलगी. तेव्हापासून डोरांग माझी कुमारे, म्हणजे लेकराच्या नात्यानं जोडलेली मैत्रीण, आणि मी तिची. लुविमिनला पुढे मुलगी झाली, जोनालिन, तिचीही निनांग मीच. लुविमिन शिलाईच्या कारखान्यात जाते, महिन्यातून दोनदा घरी येते, आणि पोरांचं सगळं डोरांग बघते. डोरांगचं आणि माझं एकच चुलाण नव्हतं एवढंच. बाकी संध्याकाळची मालिका तिच्या घरी, उकडलेल्या शेंगा माझ्या.

डेंग्यूची लस शाळेत आली तेव्हा डोरांग कां-कू करत होती.

"नवीन औषध आहे गं. दुसऱ्यांच्या पोरांना देऊन होऊ दे की आधी."

"सगळ्यांनी असंच म्हटलं तर दुसऱ्यांची पोरं आणायची कुठून?" मी म्हणाले. "मी तिची निनांग आहे. मी सांगते, काही होत नाही. झालं तर माझ्या डोक्यावर."

तिनं सही केली. हे वाक्य मी तेवढ्या एकाच दारात म्हटलं नाही. नर्सबाईनं माहितीचे कागद दिले होते, ते मी वाटले, पण वाचले कुणीच नाहीत. "कागद काय वाचायचा, अलिंग कोन्चिंग सांगतेय ना," असं लोक म्हणायचे, मोठ्या बाईला मानानं हाक मारतात तसं अलिंग लावून, आणि मी फुगून जायचे. खरं सांगायचं तर कागद मीही नीट वाचला नव्हता. माझ्या वाट्याच्या शाळेत सगळ्यांत जास्त मुलांना लस झाली म्हणून मला टाळ्या मिळाल्या, आणि त्या मी घेतल्या.

मग नोव्हेंबर संपता संपता ती बातमी आली. आम्ही दोघी शेंगा सोलत मालिकेची वाट बघत होतो. निवेदिका म्हणाली, ज्या मुलांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना ही लस घेतल्यावर पुढे डेंग्यू झाला तर आजार जास्त जोराचा असू शकतो. म्हणून सरकारनं लस थांबवली आहे. तपास होईल.

डोरांगनं टीव्ही बंद केला.

"जोनालिनला कधी डेंग्यू झालाय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय? थांबवलंय फक्त. काळजीपोटी थांबवतात असं."

"काळजीपोटी? आणि टोचायच्या आधी काळजी कुठे शेण खायला गेली होती?"

गप्प बसेन तर मी कसली. मी तिला टक्केवारी सांगायला लागले. हजारात किती, दहा हजारात किती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं सोललेल्या शेंगांचं भांडं उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घरी जा, कोन्चिंग." कुमारे म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात सगळी वस्तीच फिरली. दवाखान्यासमोर आया जमल्या, कुणाकुणाला टोचलंय त्याची यादी मागायला. नर्सबाई मागच्या खोलीत रडत होती आणि मी पुढे उभी होते. "थांबवलंय" हा शब्द कुणी ऐकलाच नाही. त्यांना ऐकू आलं ते "विष". कुणाच्या पोराला पडसं झालं तरी लसीमुळे, कुणाचा दात हलला तरी लसीमुळे. तीनचाकीवाला रोहेल्यो मला बघून ओरडला, "बाजूला व्हा रे, सुईवाली बसतेय!" सगळे हसले. मीही हसले, नाहीतर करणार काय. त्या दिवशी मी बाजारातून चालत आले.

मग बाकीच्या गोष्टीही थांबल्या, कुणी न थांबवता. जंताच्या गोळ्या द्यायला मी शाळेत गेले तर माझा निळा टीशर्ट बघून चौथीची पोरं मागच्या भिंतीवरून उड्या मारून पळाली. पोलिओचे दोन थेंब पाजायलासुद्धा दार उघडेना. आतून टीव्हीचा आवाज यायचा, मी दार वाजवलं की टीव्ही बंद व्हायचा, आणि घरात माणसं श्वास धरून माझी जायची वाट बघायची. पत्र्याच्या दाराला भोकं असतात. मला पाय दिसायचे.

नाताळला आमच्याकडे धर्माची लेकरं सकाळी प्रार्थना आटोपून निनांगकडे येतात. हात धरून कपाळाला लावतात, आणि आपण काहीतरी द्यायचं असतं. मी ऑक्टोबरपासूनच एकेक रुमाल आणि गोळ्यांची पुडी बांधत असते. त्या वर्षीही सदतीस बांधल्या होत्या. पहाटे उठून तांदळाचा केक भाजला, बिबिंगका, केळीच्या पानावर. दार उघडं टाकलं. नऊ वाजले, दहा वाजले, रस्त्यानं नवे कपडे घातलेली पोरं जात होती, माझीच पोरं, आणि त्यांच्या आया त्यांना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं नेत होत्या. जोनालिन कुंपणापाशी थांबली. हात वर केला. डोरांगनं तिचा तोच हात धरून खाली ओढला आणि घेऊन गेली. दुपारी मी बिबिंगकाचे तीन तुकडे खाल्ले आणि उरलेला शेजारच्या डुकराला घातला. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घर भरलेलं होतं.

लुविमिनला जूनमध्ये मुलगा झाला होता, रेन्झो. तो पोटात होता तेव्हाच मला सांगून ठेवलेलं, निनांग तूच. जानेवारीत बाप्तिस्मा झाला. निनांग झाली लुविमिनच्या कारखान्यातली कुणी मुलगी. मी घरात बसून त्यांच्या मेजवानीतली गाणी ऐकली. डोरांग माइक धरून गायली, अगदी बेसूर, नेहमीसारखी.

हे सगळं मी गिळलं असतं. पण फेब्रुवारीत पलीकडच्या वस्तीत गोवर आला. सात मुलं आजारी पडली, एक बाळ गेलं. गोवराची लस जुनी, मला आठवतंय तेव्हापासूनची. तिचा आणि त्या दुसऱ्या लसीचा काही संबंध नाही. पण आयांच्या दृष्टीनं सुई ती सुई. आणि रेन्झोला मार्चमध्ये नऊ महिने पूर्ण होत होते. नऊ महिन्यांना गोवराची लस. मी डोरांगच्या दारात तीनदा गेले. तिन्ही वेळा मी दाराला तोंड लावून सगळं नीट समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा आतून काही उत्तर आलं नाही.

मग आमच्या डॉक्टरीण बाईंनी मला बोलावलं. तरुण आहेत, कियांबाओ आडनाव, बोलताना पेनचं टोपण काढतात-लावतात.

"अलिंग कोन्चिंग, रागावू नका. लोक लसीला घाबरतात ते घाबरतातच. पण या वस्तीत लसीला तुमचा चेहरा आहे."

"मग काय, चेहरा झाकून फिरू?"

"एक दिवस घरी बसा. किनाऱ्याकडची एक सेविका येईल, नेनिता. ती दारोदार जाईल."

"तिला कुणाचं कुत्रं चावतं ते तरी माहीत आहे का?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," बाई म्हणाल्या. "तिला शिकवा."

मी तरातरा घरी आले. भांडी आपटली. आणि मग शिकवलं. नेनिता दोन सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसली. तिशीची पोरगी, शांत, सगळं वहीत लिहून घेणारी. मी तिला घर अन् घर सांगितलं. इथे सासूला आधी नमस्कार कर, सून आपोआप येते. इथे कोंबड्यांची चौकशी कर. इथे नवरा दारू पितो, दहाच्या आत जा. इथे बाळ कितीही काळं असलं तरी गोरं म्हण. शेवटी मी म्हणाले, "आणि माझं नाव निघालं की म्हणायचं, तिला काढून टाकली."

नेनितानं पेन थांबवलं. "पण काढलेलं नाही ना?"

"म्हणायचं. तिनं लोकांना फसवलं, आता तिला कुणी विचारत नाही. मी तशी नाही. एवढं म्हटलंस की दार उघडेल."

"अलिंग, हे मी कसं बोलू?"

"तोंडानं," मी म्हणाले. "लिही."

तिनं लिहिलं. माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर.

नेनिता दारोदार निघाली त्या दिवशी मी खिडक्या लावून आत बसले. मार्चचा उकाडा, त्यात पत्र्याचं छप्पर. दवाखाना माझ्या घराच्या समोरच्याच बाजूला, चर्चला लागून. आधी काही ऐकू येईना. मग साडेनऊला एक मूल किंचाळलं. मग दुसरं. सुई टोचल्यावरचं रडणं वेगळंच असतं, आधी एक क्षण गप्प आणि मग भोकाड. मी अंधारात बसून एकेक भोकाड ओळखत होते आणि प्रत्येकाला "शाब्बास" म्हणत होते. हा मार्सेलोचा. ही त्या कोंबड्यावाल्यांची. माझी युक्ती लागू पडत होती. माझ्या नावावर थुंकलं की दार उघडत होतं, आणि मला आनंदही होत होता आणि रडूही येत होतं. रेन्झोचा आवाज मात्र येईना.

अडीचला नेनिता मागच्या दारानं आली. पाय ओले होते तिचे.

"एक घर सोडून सगळी झाली," ती म्हणाली. "तुमच्या त्या डोरांग. मी तुम्ही सांगितलं तसंच बोलले. काढली, फसवलं, सगळं. तर त्यांनी भांडी घासल्याचं पाणी माझ्या पायावर ओतलं. म्हणाल्या, तू कोण गं कालची, कोन्चिंगबद्दल बोलणारी? तिनं फसवलं नाही कुणाला. तिलाच ठाऊक नव्हतं, गाढवीला. आणि दार लावून घेतलं."

साऱ्या वस्तीत माझ्या बदनामीनं दारं उघडली, आणि नेमकं ते एक बंद झालं. दवाखाना चारला बंद होतो. मी निळा टीशर्ट काढला, घरातला झगा घातला आणि निघाले.

दार वाजवलं नाही. नुसती हाक मारली. "कुमारे."

दार उघडलं. डोरांग रेन्झोला कडेवर घेऊन उभी होती. चार महिन्यांत तिचे केस पांढरे झाले होते. रंगवायला मीच जायचे.

"आलीस? आता पुन्हा टक्केवारी सांगणार?"

"नाही."

"तीनदा आलीस दाराशी. तीनदा व्याख्यान दिलंस. एकदा तरी म्हणालीस का, चुकलं माझं?"

बत्तीस वर्षं मी लोकांना बोलून बोलून गळी उतरवत आले, आणि हे एवढं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. डेंग्यूची ती लस चांगली की वाईट हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही मी सांगू शकत नाही. पण मी ठाऊक असल्यासारखी बोलले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "ठाऊक नसताना माझ्या डोक्यावर म्हणाले. ते माझ्या डोक्यावर नव्हतंच. जोनालिनच्या होतं."

डोरांगचे डोळे भरले. "प्रत्येक पावसाळ्यात डास येणार, कोन्चिंग. प्रत्येक पावसाळ्यात मी तिच्या अंगाला हात लावून बघणार. तिला काही झालं तर मी तुला माफ करणार नाही."

"करू नकोस."

"आणि ह्याची? ही गोवराची? शपथ घेशील?"

"नाही," मी म्हणाले. "शपथ नाही घेत. मी ह्याला घेऊन जा म्हणते, एवढंच. ही मी बत्तीस वर्षं बघतेय, आणि पलीकडे बाळ गेलंय. पुढचं तू ठरव."

तिनं रेन्झोला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग पायात चपला सरकवल्या. मी सवयीनं बाळ घ्यायला हात पुढे केले. तिनं बाळ दिलं नाही. "तू मागून ये," म्हणाली.

मी मागून गेले. दहा पावलं ठेवून, साऱ्या वस्तीदेखत. दवाखान्याच्या आत गेले नाही, बाहेर उन्हात उभी राहिले. पावणेचारला रेन्झो रडला. एक क्षण गप्प, मग भोकाड. डोरांग बाहेर आली, माझ्यासमोरून गेली, थांबली नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, बाजारात, कामापुरतं. कुमारे म्हणत नाही. मालिका आम्ही आपापल्या घरी बघतो. पण जून लागला, तळ्यांवर डास आले, आणि पहिल्या आठवड्यात एका सकाळी जोनालिन माझ्या दारात उभी राहिली. "लोलानं पाठवलंय," म्हणाली. "म्हणाली, निनांगला जाऊन कपाळ दाखव, तिचा हात बघू दे." मी हात तिच्या कपाळावर ठेवला. गार होतं. मी तसं सांगितलं आणि ती पळत गेली आजीला सांगायला. आता ती रोज येते. डोरांग स्वतः येत नाही, पण आधी ती बघते आणि मग खात्री करायला माझ्याकडे पाठवते. पावसाळा संपेपर्यंत हे चालेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.