टपाल आलं का?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हेदर मॉसक्रॉपने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती खाली ठेवायला कारकुनाने दोनदा सुचवलं, पण तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लीड्सच्या कोर्टात वाद होता एडनाआत्याच्या मृत्युपत्राचा. जे काही मागे उरेल त्याचे दोन सारखे भाग. एक भाची हेदरला, दुसरा म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला. धर्मादाय वाट्याला वारसा-कर माफ, भाचीच्या वाट्याला नाही. मग कर धरून दोघांच्या हाती सारखं पडायचं, की वाटे आधी सारखे करून सगळा कर एकट्या हेदरने सोसायचा? पहिलं ठरलं तर एकोणीस वर्षं राहते ते आत्याचं घर तिला राहणार होतं, दुसरं ठरलं तर ते विकावं लागणार होतं. गाढवांना कसलीच घाई नव्हती. घाई होती ती त्यांच्या वकिलाला.

पेनरोज त्याचं नाव. त्याने एक जावक वही पुढे केली. आत्याचा जुना वकील वारला होता, त्याच्या कचेरीतली कागदपत्रं पुरात गेली होती, ही वही तेवढी वाचली होती. आत्या जाण्याआधी चार वर्षं तिला एक पत्र धाडल्याची नोंद त्यात होती. सगळा कर हेदरवर पडेल हेच त्यात लिहिलेलं असणार, असं पेनरोजचं म्हणणं होतं. त्यावर चार वर्षं आत्याने चकार शब्द काढला नाही, म्हणजे तिला ते मान्य होतं.

"ते पत्र घरी आलं होतं का, मिस मॉसक्रॉप?"

आलं होतं. आत्या जिन्यावरून पडून अंथरुणाला खिळली त्याच आठवड्यात ते दारातल्या पायपुसण्यावर येऊन पडलं होतं. पाकिटावर वकिलाचा शिक्का होता. आदल्याच दिवशी सूप खारट झालं म्हणून दोघींची जुंपली होती. शिक्का बघून हेदरला वाटलं, आता आपला पत्ता कटणार. तिने ते उश्यांच्या अभ्र्यांखाली सारलं. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी वरून हाक यायची, टपाल आलं का गं? बिलंच आहेत, असं ती खालून सांगायची. पुढे वकील गेला आणि आत्याने विचारणंही सोडलं. आत्या गेल्यावरही पाकीट फोडायचा हेदरला धीर झाला नाही.

आता ठाऊक नाही म्हटलं तर पेनरोजला ते खोडून काढता आलं नसतं. पण मग पत्र आत्याला मिळालंच असं धरलं गेलं असतं, आणि तिचं मौन हीच तिची संमती ठरली असती. खरं सांगायचं तर चारचौघांत लाज जाणार होती, आणि आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

तिने पर्स उघडली.

"हे तिनं वाचलंच नाही. मी तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही."

न्यायाधीश बाईंनी बंद पाकीट उलटसुलट पाहिलं.

"का?"

"मला वाटलं, ती मला घराबाहेर काढतेय."

बाईंनी पाकीट फोडलं. आधी मनात वाचलं, मग चष्मा काढून पुसला, आणि मोठ्याने वाचलं.

"'फोनवर आपण सांगितल्याप्रमाणे बदल केला आहे. आता कर धरूनही दोघांच्या हाती सारखंच पडेल, आणि हेदरला घर विकावं लागणार नाही. सोबतच्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करून तो लगेच परत पाठवावा.'"

सोबतच्या करकरीत कागदावर बदलाचा मजकूर होता. सहीच्या जागी तीन रिकाम्या रेघा होत्या.

पेनरोज उठला. सही नसलेला कागद कायद्याने मृत्युपत्र होत नाही, आणि बदल करावा लागला म्हणजे मूळ मृत्युपत्रात तसं नव्हतंच, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याने ते खालच्या आवाजात सांगितलं आणि हेदरकडे न बघता खाली बसला.

बाईंनी तिला पाणी हवंय का विचारलं. हेदरला ते ऐकूच गेलं नाही. ती कोर्टाच्या छताकडे बघत होती, घरी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर बघायची तशी.

"आलंय गं, आत्या," ती म्हणाली.